जुन्या चव्वेचाळीसला काडतूस कोणते?

रूगर कंपनीच्या .४४ मॅग्नम कार्बाइनचे उत्पादन १९८५ साली थांबले. म्हणजे आज अमेरिकेत ज्याच्या हाती ती येते, त्याला ती वापरलेलीच मिळते. कुणाला आजोबांच्या कपाटातून, कुणाला दुकानातल्या जुन्या मालातून, कुणाला लिलावातून. आखूड, हलकी, दाट झाडीत वावरायला सोयीची आणि बार उडाला की पुढचे काडतूस आपोआप भरून घेणारी ही शिकारी बंदूक. ती घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो काडतुसाचा. दुकानाच्या फळीवर .४४ मॅग्नमचे अनेक प्रकार असतात, सगळ्या डब्यांवर नाव एकच असते, आणि त्यांतले बरेचसे या बंदुकीचा विचार करून बनवलेलेच नसतात. साठ वर्षे अमेरिकी शिकारी यावर वाद घालत आले आहेत. तो वाद आज कुठवर आला आहे, ते इथे पाहायचे आहे.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार बंद केली. मराठी वाचकाला त्यामुळे हा विषय परका वाटेल. पण कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक पाहिलेल्यांना त्यातले मर्म पटकन कळेल. ठासणीच्या बंदुकीत दारू किती, छरे कोणते, हे माणूस ठरवतो. काडतुसाच्या बंदुकीत तो निर्णय कारखाना घेतो, मग तो आपल्या खडकीचा असो की अमेरिकेतला. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत मात्र त्या निर्णयातला मोठा वाटा बंदुकीचे यंत्र स्वतःकडे ठेवते. काडतुसाच्या चर्चेत हरणाचे नाव फार घेतले जाते आणि यंत्राचे कमी, असे माझे मत आहे.

काडतूस आधी, बंदूक नंतर

.४४ मॅग्नम हे मुळात रिव्हॉल्व्हरचे काडतूस. आयडाहोतला गुरेपालक आणि लेखक एल्मर कीथ जुन्या .४४ स्पेशलमध्ये जास्त दारू भरून वर्षानुवर्षे प्रयोग करत होता. त्याच्या पाठपुराव्यातून रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर १९५५ च्या अखेरीस तयार केले. पुढच्याच वर्षी रूगरचेही .४४ रिव्हॉल्व्हर आले. आपल्याला हा इतिहास लक्षात ठेवणे भाग आहे, कारण गोळीची रचना, पुंगळीचा आकार, दारूचे प्रमाण हे सगळे हातभर लांबीच्याही नसलेल्या नळीसाठी ठरले होते.

रिव्हॉल्व्हर आणि रायफल दोन्हींना एकच काडतूस ही कल्पना जुनी. विंचेस्टरच्या १८७३ च्या रायफलीपासून घोडेस्वारांना तिची सवय होती. बिल रूगरने तिला आपोआप भरणारे रूप दिले. १९६१ मध्ये बाजारात आलेली ही कार्बाइन म्हणजे कंपनीची पहिली लांब नळीची बंदूक. सुरुवातीचे नाव ‘डीअरस्टॉकर’. इथाका कंपनीची ‘डीअरस्लेयर’ त्याआधीच विक्रीला होती, तिने हरकत घेतल्यावर ते सोडावे लागले. नळी साडेअठरा इंच, एकूण लांबी तीन फुटांहून किंचित जास्त, वजन अडीच किलोच्या थोडे वर. नळीखालच्या नळकांडी मॅगझिनमध्ये चार काडतुसे, एक कोठडीत.

त्या काळी स्वस्त पर्याय होता तो युद्धातून उरलेल्या एम-१ कार्बाइनचा. दुसऱ्या महायुद्धात त्या साठ लाखांच्या आसपास बनल्या आणि पुढे सरकारने त्यांतल्या बऱ्याच नागरिकांना कमी दरात विकल्या. पण एम-१ ची ११० ग्रेनची गोळी नळीतून सुटतानाच हजार फूट-पौंडांच्या आत ऊर्जा घेऊन निघते. .४४ ची २४० ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅम, रायफलच्या नळीतून सेकंदाला १,७६० फूट वेगाने सुटते आणि शंभर यार्डांवर पोचल्यावरही तिच्यात हजार फूट-पौंड शिल्लक असतात. हरणाच्या शिकारीसाठी रूगरला जी मान्यता मिळाली ती या फरकामुळे.

काडतुसाच्या आकड्यांतच तिची मर्यादाही दिसते. शंभर यार्डांवर वेग १,३८० फुटांवर येतो, दोनशेवर तो १,११४, म्हणजे जवळपास आवाजाच्या वेगाइतका. शंभरवर नेम जुळवला तर दोनशेवर गोळी दीड फुटाहून अधिक खाली जाते. शंभर-सव्वाशे यार्डांपलीकडे या बंदुकीने हरणावर बार टाकू नये, याबद्दल कुठल्याच पक्षात मतभेद नाही.

यंत्राच्या अटी

बार उडाला की नळीतला थोडा वायू एका बारीक छिद्रातून खाली जातो, तिथल्या छोट्या दट्ट्याला ठोकर देतो, दट्ट्या सरकपट्टीला मागे ढकलतो, बोल्ट फिरून उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि परतीच्या वाटेवर नवे काडतूस कोठडीत जाते. या साखळीने काडतुसावर काही अटी घातल्या आहेत.

पहिली अट दाबाची. वायूचा जोर कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही. म्हणूनच .४४ स्पेशल ही सौम्य काडतुसे कोठडीत बसतात, उडतातही, पण यंत्र चालवत नाहीत, आणि दर वेळी हाताने बोल्ट ओढावा लागतो. जोर फार झाला तर सगळे भाग दर बाराला गरजेपेक्षा जास्त आपटतात. दुसरी अट स्वच्छतेची. ते बारीक छिद्र आणि त्यामागचा दट्ट्या कशाने तरी बुजले की सगळे अडते. दट्ट्याची जागा उघडून साफ करणे हे घरी करायचे काम नाही, त्याला जाणकार कारागीर लागतो. तिसरी अट आकाराची. नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक असतात, गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावरच्या, बार पेटवणाऱ्या टोपीला टेकलेले. टोकदार गोळी तिथे धोक्याची, म्हणून नाक चपटे हवे. शिवाय धक्क्याने गोळी पुंगळीत आत ढकलली जाऊ नये यासाठी पुंगळीचे तोंड घट्ट आवळलेले लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये उलटा प्रकार, तिथे धक्क्याने गोळी बाहेर सरकते.

चौथी अट सर्वांत कमी बोलली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांचा पीळ. रूगरच्या .४४ रिव्हॉल्व्हरमध्ये आटे वीस इंचांत एक फेरा घेतात. या कार्बाइनमध्ये तोच फेरा अडतीस इंचांत पुरा होतो. इतका सैल पीळ हा जुन्या रायफलींचा वारसा, .४४-४० च्या काळातला, आणि मार्लिनच्या .४४ रायफलींतही तो तसाच आला. गोळी जितकी लांब, तितकी तिला सरळ ठेवायला फिरकी जास्त हवी. भोवरा उंच असला की जोरात फिरवावा लागतो, तसेच. वुलिचच्या जॉर्ज ग्रीनहिलने १८७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र दिले. ते या नळीला लावले तर गोळीची कमाल लांबी ०.७३ इंचांच्या, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास येते. शिशाच्या गाभ्याची २४० ग्रेनची गोळी त्या रेषेच्या अलीकडे राहते, ३०० ग्रेनची बरीच पलीकडे जाते.

पहिला पक्ष: नेहमीचे २४० ग्रेन

सर्वांत मोठा आणि सर्वांत शांत पक्ष हा. त्यांचे म्हणणे असे की बंदूक ज्या काडतुसावर घडली, तेच घाला: कारखान्यात भरलेले, तांब्याच्या वेष्टनाचे, २४० ग्रेनचे. दाब ठरलेला, पीळ जुळलेला, आकार नळकांड्याला सोयीचा. वर्षाला पाच-दहा बार उडवणाऱ्याला याहून जास्त विचार करायची गरज नाही.

त्यातही एक पोटभेद आहे. पोकळ नाकाच्या बऱ्याच गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या वेगात उमलाव्यात म्हणून घडवलेल्या असतात. छोट्या नळीतून सेकंदाला बाराशे फुटांच्या आसपास सुटणारी गोळी इथे साडेसतराशेने जाते. पातळ वेष्टनाची असली तर खांद्याच्या हाडावर आदळून ती लवकर फुलते आणि खोल जात नाही. म्हणून या पक्षातले अनुभवी लोक मऊ टोकाची किंवा जाड वेष्टनाची गोळी सुचवतात. फासळ्यांतून नेम घेणारे म्हणतात की हरणासारख्या अंगाने बारीक जनावराला पोकळ नाकाची गोळी चांगली, कारण ती पटकन काम करते. दोघांच्याही पाठीशी शिकारीच्या मांसाने भरलेली शीतपेटी आहे. नेम कुठे घ्यायचा हे आधी ठरवले की कोणती घ्यायची ते आपोआप ठरते, पण हे वाद घालताना फारसे कुणी बोलत नाही.

नव्या काळातली भर म्हणजे लवचीक टोकाची गोळी. हॉर्नडी कंपनीने २००० च्या दशकाच्या मध्यावर नळकांडी मॅगझिनसाठी मऊ प्लॅस्टिकचे टोक असलेल्या टोकदार गोळ्या आणल्या. .४४ मध्ये ती २२५ ग्रेनची. ती टोपीला इजा करत नाही, हवेत कमी अडते. मात्र एकूण लांबी जमवण्यासाठी तिची पुंगळी नेहमीपेक्षा आखूड ठेवावी लागली. लीव्हर ओढून भरायच्या रायफलींत ती लोकप्रिय झाली. आपोआप भरणाऱ्या जुन्या कार्बाइनमध्ये मात्र ती सुरळीत जाते की अडते, हे एकेका बंदुकीवर ठरते.

दुसरा पक्ष: जड गोळीवाले

अस्वल किंवा मोठे रानडुक्कर समोर असेल तर वजन हवे, हा दुसऱ्या पक्षाचा आग्रह. २६५ ते ३०० ग्रेन, काही छोट्या उत्पादकांची त्याहूनही जड. जड गोळी आरपार जाते, हाडाला दाद देत नाही. पीळ सैल आहे हे ते मान्य करतात, पण ग्रीनहिलचे सूत्र हा ढोबळ अंदाज आहे, वेग वाढला की मर्यादाही सरकते, असे त्यांचे उत्तर असते. दाखल्याला ते .४४४ मार्लिनकडे बोट दाखवतात. १९६४ सालचे ते काडतूस, त्याच्या मूळ रायफलीचाही पीळ अडतीस इंचांचा, आणि जास्त वेगामुळे तिच्यातून ३०० ग्रेनच्या गोळ्या नीट जातात असे अनेकांनी कागदाच्या निशाण्यावर दाखवले आहे.

दाखला खोटा नाही, पण तो इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. .४४४ ची पुंगळी खूप लांब, वेगही त्या मानाने जास्त. .४४ मॅग्नममध्ये गोळी जड झाली की वेग घटतो, म्हणजे ज्या वेगाच्या जोरावर मर्यादा सरकायची, तोच कमी होतो. २६५ ग्रेनची चपट्या नाकाची गोळी बऱ्याच कार्बाइनमधून ठीक जाते, तीनशेच्या बाबतीत मात्र कुणाच्या निशाण्यावर गोल भोके पडतात तर कुणाच्या आडवी. आडवे भोक म्हणजे गोळी हवेत डगमगत गेली. तिच्याकडून खोल जाण्याची अपेक्षाच करता येत नाही.

या पक्षाला दुसरा प्रश्न विचारला जातो तो यंत्राचा. जड गोळीमागे वायूचा दाब वेगळ्या रीतीने वाढतो आणि जास्त वेळ टिकतो, सरकपट्टी जोरात आदळते. एकाच बाराने काही मोडत नाही. पण बंदूक चाळीस-साठ वर्षांची आहे आणि तिचे भाग आता कुठे सहज मिळत नाहीत. कंपनीने २००० मध्ये ‘डीअरफील्ड’ नावाची नवी .४४ कार्बाइन काढली, तिच्यात पीळ वीस इंचांचा ठेवला आणि मॅगझिन फिरते दिले. तीही २००६ च्या सुमारास बंद पडली. जड गोळी हवीच असेल तर जुनीऐवजी ती शोधा, असा सल्ला दोन्ही बाजूंचे लोक देतात, आणि यावर एकमत होणे मला लक्षणीय वाटते.

तिसरा पक्ष: ओतीव शिसे

स्वतः गोळ्या ओतून काडतुसे भरणाऱ्यांचा हा पक्ष संख्येने लहान, उत्साहाने मोठा. रूगरच्या पुस्तिकेत उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका अशी स्पष्ट सूचना होती. कारण उघड आहे: वायूच्या छिद्रावरून जाताना शिशाचा कीस निघतो आणि तो थर छिद्रात, दट्ट्यावर साचत जातो. ओतणारे म्हणतात की कडक मिश्रधातू, बुडाला तांब्याची छोटी टोपी आणि योग्य दारू असेल तर थर जमत नाही. रायफलच्या नळीचे माप रिव्हॉल्व्हरपेक्षा किंचित सैल असते, म्हणून ते गोळीही त्याच अंशाने जाड ओततात.

त्यांच्यातल्या काहींच्या बंदुका वर्षानुवर्षे बिनतक्रार चालल्या आहेत हे मान्य करायला हवे. पण जुनी बंदूक विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने या वादाचा अर्थ वेगळा आहे. आधीच्या मालकाने काय उडवले, हे त्याला माहीत नसते. वीस वर्षे स्वस्तातल्या शिशाच्या गोळ्या उडवलेली कार्बाइन वरून चकाकत असू शकते आणि आत दट्ट्या जॅम असू शकतो. अशी बंदूक घेतली की काडतूस निवडण्याआधी कारागिराकडे नेणे हा खर्च किमतीतच धरावा. बंदुकीबरोबर विकणारा हातभरल्या काडतुसांची जुनी पेटी फुकट देऊ लागला तर ती घेऊ नये. त्यात कोणती दारू किती आहे, याचा पत्ता त्या पेटीला नसतो.

चौथा पक्ष: तांबे

गेल्या पंधरा वर्षांत वादाचे केंद्र इथे सरकले आहे, आणि त्याचे मूळ बंदुकीत नाही. कॅलिफोर्नियाचे काँडोर हे प्रचंड गिधाड १९८० च्या दशकात नामशेष होण्याच्या काठावर आले. १९८७ पर्यंत उरलेले सगळे २७ पक्षी प्रजननकेंद्रांत ठेवले गेले. पुढे त्यांना सोडल्यावर दिसून आले की मेलेल्या जनावरांच्या मांसातले शिशाचे कण पोटात जाऊन ते विषबाधेने मरतात. आपल्याकडे गिधाडे गेली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने, तिकडचे कारण वेगळे, वाट मात्र तीच, कलेवरातून. कॅलिफोर्नियाने आधी काँडोरच्या पट्ट्यात शिशाची गोळी बंद केली, २०१३ मध्ये राज्यभराचा कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तिथल्या सगळ्या शिकारीत शिसे बंद झाले. ॲरिझोनाने बंदीऐवजी शिकाऱ्यांना शिसे-विरहित काडतुसे फुकट वाटण्याचा मार्ग घेतला. डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलच्या शिकारी गोळ्यांतूनही शिसे काढले.

माणसांच्या बाजूचाही प्रश्न आला. नॉर्थ डकोटात अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने ७३६ जणांचे रक्त तपासले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे थोडे जास्त आढळले, फरक डेसिलिटरमागे ०.३ मायक्रोग्रॅमचा. बंदीवाले म्हणतात की शिशाची सुरक्षित पातळी नसतेच. विरोधक म्हणतात की फरक किरकोळ आहे. .४४ वाल्यांचा आणखी एक युक्तिवाद आहे: गोळीचे तुकडे वेगाबरोबर वाढतात, आणि यांची गोळी मंद. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा विभागाने मेंढ्यांच्या कलेवरांवर केलेल्या चाचण्यांत ठासणीच्या मंद गोळ्यांनी वेगवान रायफलींपेक्षा कमी तुकडे सोडले होते. .४४ कार्बाइन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि नेमकी कुठे यावर दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने बोलतात.

या सगळ्यात जुन्या कार्बाइनची पंचाईत होते ती भौतिकशास्त्रामुळे. तांबे शिशापेक्षा हलके. तेवढ्याच वजनाला त्याला सव्वापटीहून जास्त जागा लागते, आणि नाकात उमलण्यासाठी खोल पोकळी ठेवली की लांबी आणखी वाढते. म्हणजे २२५ ग्रेनची अखंड तांब्याची गोळी लांबीने जवळपास ३०० ग्रेनच्या शिशाच्या गोळीच्या पंगतीला जाऊन बसते. अडतीस इंचांच्या पिळाला ती जड जाते. दोनशे ग्रेनची घेतली तर पीळ जुळण्याची शक्यता वाढते, पण हलक्या गोळीमागे वायूचा दाब लवकर ओसरतो आणि यंत्र पुरते चालते की नाही, हा नवा प्रश्न उभा राहतो. ज्यांची बंदूक नव्या पिळाची आहे त्यांना ही अडचण नाही, म्हणून तांब्याच्या बाजूने लिहिणारे अनेकदा ती विचारातच घेत नाहीत. विरोधक मात्र या एका अडचणीवरून तांबेच निरुपयोगी ठरवतात, तेही बरोबर नाही. चांगल्या पिळाच्या .४४ मधून तांब्याची गोळी खोल जाते आणि वजन टिकवते, हे आता सर्वमान्य आहे.

राज्याराज्यांचे कायदे

निवड फक्त मालकाच्या हाती नसते. ओहायोत आणि मिशिगनच्या दक्षिण भागात हरणासाठी पूर्वी रायफलऐवजी मुख्यतः छऱ्यांच्या बंदुकीतली एकगोळी काडतुसे चालत. २०१४ पासून तिथे सरळ बाजूंच्या पुंगळीची रायफल काडतुसे मान्य झाली. .४४ मॅग्नमची पुंगळी सरळ आहे, त्यामुळे तिथे या जुन्या कार्बाइनला अचानक नवे काम मिळाले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात चित्र उलटे: आपोआप भरणारी रायफल हरणावर वापरायला तिथे बंदी कायम राहिली आहे, लहान प्राण्यांच्या शिकारीला २०१७ पासून मुभा मिळाली तरी. कॅलिफोर्नियात शिसे नाही. काही राज्ये काडतुसांची संख्या मर्यादित करतात, आणि ओहायोसारख्या राज्यात चार अधिक एक धरणाऱ्या या बंदुकीलाही तो नियम आड येतो.

अजून न सुटलेले

दोन गोष्टींवर चर्चा अजून मोकळी आहे. पहिली, सैल पिळाच्या नळीत तांब्याच्या हलक्या गोळ्या. यावर जे सांगितले जाते ते एकेका मालकाच्या एकेका बंदुकीवरचे आहे. एकाच चाचणीत बऱ्याच जुन्या कार्बाइन घेऊन नेम आणि यंत्र दोन्ही तपासले गेले तर कॅलिफोर्नियातल्या मालकांना काही ठोस हाती लागेल. तोवर त्यांच्यापुढे दोनशे ग्रेनची एक पेटी घेऊन मैदानावर जाणे, पाच बार पन्नास यार्डांवर कागदावर टाकून भोके गोल आहेत का आणि प्रत्येक पुंगळी जोमाने बाहेर पडते का हे पाहणे, एवढाच मार्ग आहे.

दुसरी, म्हातारपण. काडतूस निवडताना आपण नव्या बंदुकीचे गणित मांडतो, प्रत्यक्षात हातात असते ती स्प्रिंग दमलेली, कधी छिद्र अर्धे बुजलेली बंदूक. मग २४० ग्रेनचे नेहमीचे काडतूसही नीट चालत नाही आणि मालक काडतुसाला दोष देत दुसरा ब्रँड शोधत राहतो. कारागीर म्हणतात, आधी यंत्र साफ करा, मग काडतूस बदला. हातभरल्या काडतुसांवर प्रेम असणारे म्हणतात, दारू थोडी बदलली तर दमलेले यंत्रही चालते. पहिला सल्ला एकदाच पैसे मागतो. दुसरा दर हंगामात मागतो, आणि सुटे भाग जसजसे दुर्मिळ होतील तसतसा तोच जास्त ऐकला जाईल, अशी माझी भीती आहे.